प्रेमिलाचा जास्तीचा दुपट्टा

राजस्थानातलं ओसाड गाव पाहून आल्यापासून नागपुरातल्या आमच्या नंदनवन वस्तीतल्या बायका मला विचारतात, काय न्यावं, काय सांभाळावं. मी सांगते. पायात बंद बूट हवेत, चपलेत वाळू शिरते. पाण्यात मीठ, साखर आणि लिंबू घालून न्यावं. पडक्या भिंतीच्या सावलीत बसण्यापूर्वी काठी आपटून घ्यावी. आणि फोन पर्समध्ये ठेवू नये, अंगावर ठेवावा. एवढं सांगून मी थांबते. पुढचं सांगायचं तर प्रेमिलाबद्दल सांगावं लागतं, आणि ते फाटकाशी उभ्याने सांगण्यासारखं नाही.

प्रेमिला माझ्या मागच्या गल्लीत राहते. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला. ती घरी ब्लाउज शिवते आणि दर वर्षी थंडी सरता सरता मोहल्ल्यातल्या बायकांना घेऊन सहलीला जाते. सांची, अजिंठा, बोधगया तिने सगळ्यांना दाखवलं. तिला फिरण्याची हौस आहे, असं लोक म्हणतात. मला मात्र ती कधी काही पाहताना दिसली नाही. सगळ्या स्तूपाकडे पाहत असतात तेव्हा ती बायकांकडे पाहत असते. रस्ता ओलांडताना शेजारणीचा हात धरते, आणि बसमध्ये बसल्यावरही धरूनच ठेवते.

"सोड वं प्रेमिला, आपलं काय लगन लागलं का?" आमची शेजारीण दीप्ती तिला चिडवायची.

"लागलं म्हणून समज," म्हणून प्रेमिला हसायची. हात काही सोडायची नाही.

कारण मला ठाऊक होतं. एका दुपारी काजं करता करता तिने स्वतःच सांगितलं होतं. तिची धाकटी बहीण दामिनी. आईने एकाच ताग्यातून दोघींना फ्रॉक शिवले होते. दिवाळीच्या आधी दोघी जरीपटक्याच्या बाजारात गेल्या. दामिनीला हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या, आणि प्रेमिलाला समोरच्या दुकानात रिबिनी दिसल्या. "इथंच थांब, मी आलीच," असं म्हणून ती रस्ता ओलांडून गेली. परत आली तेव्हा बांगडीवाल्यासमोर कुणी नव्हतं. बापाने पोलीस ठाणी, स्टेशनं, विहार सगळं पालथं घातलं. पोर मिळाली नाही. दामिनी आज असती तर पन्नाशीच्या पुढे असती. प्रेमिला अजूनही गर्दीत बायकांच्या चेहऱ्याआधी मनगटं पाहते.

त्या वर्षी तिने वाळवंट ठरवलं. आम्ही नागपूरचे, उन्हाला काय घाबरणार, असा सगळ्यांचा तोरा. तरी प्रेमिलाने एकाच केशरी ताग्यातून सगळ्यांना दुपट्टे शिवले. कापड उरलं, त्याचाही एक दुपट्टा केला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. आपल्याकडे बाई घराबाहेर पडली की डोळे सोडून सगळं तोंड बांधून घेते. तिकडेही आम्ही बसमधून उतरलो त्या तशाच. एकीसारखी दुसरी.

गाव मुख्य रस्त्यापासून बरंच आत होतं. कुणे एके काळी लोक सोडून गेले, एवढंच गाईडने सांगितलं. उंच, वाळलेला म्हातारा होता. फाटकाशी त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, अंदर किसी को नाम लेकर मत पुकारना."

"काहून?" दीप्तीने विचारलं. "भूत येते का?"

"आवाज़ घूमती है. छत नहीं है ना. बुलाओ इधर से, सुनाई देता है उधर से. लोग उलटे चले जाते हैं."

ते मला पटलं. प्रेमिलालाही पटलं. एरवी ती बस सुटण्यापूर्वी एकेकीचं नाव घ्यायची आणि जिची तिला ओ द्यायला लावायची. आता म्हणाली, "ठीक आहे, मी दुपट्टे मोजीन."

आत गल्ल्याच गल्ल्या होत्या. भिंती उभ्या, पण छप्पर एकाही घराला नाही. चौकटी होत्या, दारं नव्हती. एका घरात चूल तशीच होती, जातं तसंच होतं, भिंतीतल्या कोनाड्यावर दिव्याची काजळी होती. सूर्य डोक्यावर आल्यामुळे सावल्या पायाखाली गेल्या होत्या. पक्षी नाही, माशीसुद्धा नाही. बायकांची बडबड हळूहळू आपोआप थांबली. बांधलेल्या तोंडांनी, एका रंगाच्या आम्ही त्या गल्ल्यांमधून हिंडत होतो. वळणावर एखादी दिसली की आपल्यातलीच म्हणून पाहायचं आणि पुढे जायचं.

माझ्या चपलेत वाळू गेली होती. मी एका ओट्यावर बसले. चप्पल काढली, झटकली, आणि उठायला गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. पाणी पर्समध्ये होतं, फोनही त्यातच, आणि पर्स बसमध्ये माझ्या खिडकीजवळच्या सीटवर. मी भिंतीला टेकून डोळे मिटले.

तेव्हा भिंतीपलीकडून बांगड्या वाजल्या. कुणीतरी घाईघाईने बसच्या दिशेने गेलं. आमच्यातलीच कुणी, असं मला वाटलं. मी हाक मारणार होते, पण गाईडचं बोलणं आठवलं आणि गप्प राहिले. थोड्या वेळाने बस सुरू झाल्याचा आवाज आला. तो दूर गेला, आणि मग काहीच उरलं नाही.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, हरवलात तर जिथे आहात तिथेच राहा, शोधणारा तुम्ही जिथे दिसलात तिथेच येईल. मी तशीच बसून राहिले. लहान होते तेव्हाच्या प्रार्थना आठवतील तेवढ्या म्हटल्या. समोरच्या चौकटीतून दुसरी चौकट दिसत होती, तिच्यातून तिसरी. मला त्यांच्याकडे पाहवेना आणि पाठही करवेना. भीती मरणाची नव्हती. इथे बसून राहिले तर मीही त्या चुलीसारखी, जात्यासारखी इथलीच होईन, असं काहीतरी वाटत होतं.

सावली माझ्या गुडघ्यांवर चढली तेव्हा बस परत आली.

प्रेमिला धावतच गल्लीत शिरली. तिच्या तोंडावर दुपट्टा नव्हता. मला पाहून ती जागीच थबकली. "तुमी थांबल्या," म्हणाली. मग तिने माझा हात असा धरला की माझ्या मनगटावरचं यांचं घड्याळ रुतलं.

त्याच वेळी भिंतीपलीकडे पुन्हा बांगड्या वाजल्या. आता त्या बसकडून आत, गावाच्या आत चालल्या होत्या. संथ, रमतगमत.

प्रेमिलाने मान वळवली. तिचं सगळं अंग त्या आवाजाकडे ओढलं गेलं, हे मला तिच्या हातातून कळलं. दोन भिंतींमधल्या फटीतून ती सहज पलीकडे जाऊ शकली असती. मी अजून नीट उभीही राहू शकत नव्हते. आवाज लांब गेला. प्रेमिलाने डोळे मिटले आणि मला म्हणाली, "चला ताई. हळू चला."

बसमध्ये माझ्या सीटवर कुणी नव्हतं. माझी पाण्याची बाटली रिकामी होती, आणि शेजारी एक केशरी दुपट्टा नीट चौघडी करून ठेवला होता. प्रेमिलाने बसमध्येच राहिलेली आपली पिशवी उघडून पाहिली. जास्तीचा दुपट्टा आत नव्हता.

घडलं ते तिने मला परतीच्या वाटेवर, खाली मान घालून सांगितलं. तिने दुपट्टे मोजले, ते बरोबर भरले. माझ्या जागेवर तोंड बांधून कुणी बसलेलं होतं, ती मीच असं सगळ्यांनी धरलं. रस्ता खराब, बस उसळत होती, म्हणून सवयीप्रमाणे तिने हात धरला. हात गार होता. ताई दमल्या असतील म्हणून तीही बोलली नाही. मुख्य रस्त्याला लागल्यावर माझ्या पर्समधला फोन वाजला.

"मी म्हटलं, ताई, तुमचा फोन वाजून राहिला. तर हलणं नाही, बोलणं नाही. मंग मी हाताकडे पाह्यलं."

"काय पाहिलंस?"

"तुमच्या हातात घड्याळ असते. हातात घड्याळ नव्हतं." ती थांबली. "हिरव्या बांगड्या होत्या. जुन्या, झिजलेल्या. मोठ्या बाईचा हात, अन् बांगड्या पोरीच्या मापाच्या. मनगटात रुतल्या होत्या."

मागच्या सीटवरून दीप्ती हलक्या आवाजात म्हणाली, "बसलेलं दिसत होतं वं मले पण. पाठीमागून. मी म्हटलं ताईच आहे."

प्रेमिलाने ड्रायव्हरला बस वळवायला लावली. सगळ्या वाटेत तिने तो हात सोडला नाही आणि त्या बाईच्या तोंडावरचा दुपट्टाही काढला नाही. गावाशी आल्यावर मला शोधायला उतरायचं म्हणजे हात सोडायचाच होता. तिने सोडला. आणि तोंडातून निघून गेलं, "इथंच थांब, मी आलीच."

आम्ही गावातून निघालो तेव्हा फाटकाशी गाईड उभा होता. त्याने बसमध्ये डोकावून पाहिलं. "मुँह बाँधकर गए थे सब?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला. एखादी वेडी बाई गावात राहत असेल, तहानलेली असेल, असं मी प्रेमिलाला म्हटलं. नागपूर येईपर्यंत वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. तिने ऐकून घेतलं.

"मी भूतबित मानत नाही, ताई. बाबासाहेबांच्या लोकांनी मानायचं नसते," ती शेवटी म्हणाली. "पण हात तर हात होता ना?"

त्यानंतर वर्षभर तिने सहल काढली नाही. बायकांनी विचारलं की शिलाईचं काम खूप आहे म्हणायची. चौघडी केलेला दुपट्टा तिने न उलगडता मशीनच्या खणात ठेवला. रस्ता ओलांडताना ती आता कुणाचा हात धरत नाही, हे दीप्तीनेच माझ्या लक्षात आणून दिलं. चेष्टा करायला काही उरलं नाही म्हणून तिलाच वाईट वाटत होतं.

परवा प्रेमिला घरी आली. बसायच्या आधीच म्हणाली, "तिकडे जायचं ठरवून राहिली मी. त्याच गावी."

तिने पिशवीतून नवीन दुपट्टे काढले, आणि सगळ्यांत खाली जुना, चौघडी केलेला. मी चहा ठेवला. मुलगा पुण्याहून फोनवर मला या वयात जाऊ नको म्हणणार, हे मला ठाऊक आहे. पण जायचं मी तेव्हाच ठरवलं.

"मोजणी मी करीन," मी म्हटलं. "एकेकीचं तोंड उघडून, बसच्या दारात उभी राहून. आपली एकही मागे राहणार नाही. खिडकीजवळच्या सीटवर जी येऊन बसेल तिला मात्र मी तोंड उघडायला सांगणार नाही. तू तिच्याशेजारी बस. मी मागे बसेन."

प्रेमिला कपाकडे पाहत होती.

"अन् मधेच उतरायचं काम पडलं तर?"

"मी उतरेन," मी म्हटलं. "तू हात सोडू नको."