वाढत्या अंगाचा ड्रेस

धाड गावचा जीपवाला नागसेन दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी मंजुश्रीला दारात उभी करून फोटो काढी आणि दरवर्षी चिडे. त्याची बायको अन्नपूर्णा लेकीचा ड्रेस वाढत्या अंगाचा घ्यायची. तो अंगात बसेपर्यंत एप्रिल उजाडायचा आणि तोवर ड्रेस पार विटलेला असायचा. फोटोत तर लांब बाह्यांमुळे पोरीच्या हातांचे पंजे कधी दिसलेच नाहीत.

यंदा दहावीचा पहिला दिवस. ड्रेस नेमका मापात, मनगटं उघडी.

“हे पाय, याले म्हनतात ड्रेस,” नागसेन खूश झाला.

“पुढच्या वर्षी कोन घालनार हाय? शाळा सरते तिची,” अन्नपूर्णा म्हणाली.

नागसेननं मोबाइल खाली घेतला.

“तरी एक नंबर मोठा घेतला असता त काय बिघडलं असतं वं?” तो चिडूनच म्हणाला.