ठकूआत्याचे ताक

भोरच्या बाजाराचा दिवस होता. माझ्या चहाच्या दुकानात बसायला जागा नव्हती. उत्रोलीचा रामभाऊ पायरीपाशीच उभा राहिला, आत आला नाही, तेव्हाच मी किटली खाली ठेवली. "केशवराव, आत्या गेल्या," तो म्हणाला. "सकाळी समद्यास्नी ताक वाटलं, घुसळखांबाला टेकून बसल्या, त्या तशाच..." याला आता सव्वा महिना झाला. भेटणारे म्हणतात, आत्याने तुमच्यावर फार माया केली. केली, हे खरे. मी तिच्याशी काय केले ते मात्र कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहितो.

ठकूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. उत्रोलीत दोन म्हशी आणि भाताचे एक खाचर एवढाच तिचा संसार. तूप विकून ती मीठमिरची, लुगडे भागवी. ताक मात्र विकायचे नाही ही आमच्याकडची जुनी रीत, आणि ती पाळण्यात आत्या सर्वांत कडक. सकाळी रवीचा आवाज थांबला की घरोघरचे तांबे, गाडगी तिच्या ओट्यावर येत. येसू ही वेल्ह्याकडून भातलावणीला आलेली बाई, पुढे गावातच राहिली. ती पहिल्यांदा आली तेव्हा पदराआड गाडगे धरून उभी होती. "ताकाला आलीस आन् भांडं का लपिवतीस?" आत्या म्हणाली. "तान्हं पोर हाय व्हय पदराखाली, दिष्ट लागंल म्हून?" येसू हसली, आणि गाडगे पुढे आले.

मी दुकान घातले तेव्हा दूध कमी पडू लागले. गवळ्याचे दूध पाणचट. आत्याचे असे दाट, की चहाचा रंगच पालटे. मी तिला म्हणालो, "आत्ये, घुसळून घुसळून खांदा गेला तुझा. दूध मला दे, रोख पैसे घे."

"समदं तू नेल्यावर ताक कशाचं करू?"

"थोडं ठेव. त्याचं होईल ते ताक विकत दे. फुकट मिळतं त्याची लोकांना किंमत नसते."

"किंमत नसती म्हून तर मागाया येत्यात, बाळा."

पण गेलेल्या भावाचा मुलगा मागतो आहे, म्हणून ती कबूल झाली. तिच्या खांद्याची काळजी मला नव्हती असे नाही. दुकानाची जास्त होती...

गावात कोणी भांडले नाही, कोणी शब्द काढला नाही. हळूहळू लोक यायचे थांबले, इतकेच. एकदा येसू बांधावर पाण्यात भाकरी कुस्करून खाताना आत्याला दिसली. "ताक न्यायला का येत न्हाईस गं? तुज्याकडनं कोन पैसं घेनार हाय?" "त्येच की, आत्याबाई," येसू म्हणाली. "पयलं नुसतं यायचं हुतं. आता तुमी पैसं सोडायचं आन् मंग म्या न्यायचं... तसलं तोंड मला न्हाई."

त्याच वर्षी श्रावणात एका सकाळी दुधाला गेलेला माझा गडी रिकामा हंडा घेऊन परतला. दार लोटलेले होते, हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही, म्हणाला. मी चिडलो. आत्यावर चिडलो, गिऱ्हाईक खोळंबले म्हणून! दुसरीकडून दूध आणवले आणि विसरून गेलो. आत्या मागच्या गोठ्यात घसरून, पाय मोडून पडली होती. तिचा आवाज दारापर्यंत येत नव्हता. पूर्वीसारखे असते तर त्या वेळेला दहा माणसे ओट्यावर असती. दिवस कलता कलता न पिळलेल्या म्हशींचे रेकणे ऐकून येसू आत शिरली, तेव्हा ती सापडली.

हाड बसवून घेतल्यावर आत्या मला एवढेच म्हणाली, "केशा, आता दुधाला तुजा हंडा धाडू नगंस." त्यात राग नव्हता, असता तर मला सोपे गेले असते. ती पुढे कायम लंगडली. ताक पुन्हा सुरू झाले. आता रवीची दोरी ओढायला येसू येई, आणखी कोणी न सांगताच गवताचा भारा टाकून जाई. मी गेलो की आत्या माझ्यापुढेही तांब्या धरी, आणि मी म्हणे, पोट भरलंय. पंधरा वर्षे माझे पोट भरलेलेच होते.

हल्ली रॉकेलला रांग, साखरेला रांग, आणि माझ्या दुकानात रोज वाद. कोणी म्हणतो, स्वराज्य आले की मीठ, दिवाबत्ती, दवापाणी सगळे फुकट पाहिजे. कोणी म्हणतो, फुकटाने माणूस आळशी होतो. मग दोघेही माझ्याकडे बघतात. मी कप विसळू लागतो. आत्याचे ताक फुकट म्हणायचे, तर तिचा खांदा रोज झिजत होता आणि ते आम्हा कोणाच्याच लक्षात नव्हते. पहिल्यांदा ते बोलून दाखवले मी, आणि तेही दुधासाठी. मोल मी लावले ताकाला, आणि बंद झाली तिच्या दारातली वर्दळ. याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही.

परवा सकाळी उत्रोलीला गेलो. म्हशी आता येसू सांभाळते, आत्याच्याच घरात. घुसळखांबावर दोरीने पडलेली खाच तशीच आहे. त्याला टेकून बसायला अजून कोणी धजत नाही. रवी थांबली. बायामाणसे भांडी घेऊन पुढे सरकली. मी मागे उभा होतो, उपरण्याआड तांब्या धरून... येसूने मान वर केली.

"ताकाला आला, केशवराव, आन् भांडं का लपिवताय?"

मी तांब्या पुढे केला.