काकूंच्या बॅनरवरचे माझे दोन गाल

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी काहीतरी समंजस वाचायला मिळेल या आशेवर कुणी बसायला नको. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळेच काकू म्हणतात. मीही म्हणते, आणि म्हणताना दात आवळते.

तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या गोड शब्दांत कळवायच्या. चुका शोधणं जमायचं, गोड शब्द जमायचे नाहीत. आणि चेहरा मुरुमांनी भरलेला होता. कॉलेजात सगळ्यांनाच येतात आणि जातात, माझी मात्र मुक्कामाला राहिली. कपाळावर थोडी, गालांवर भरपूर, हनुवटीवर लाल आणि ठणकणारी. रात्री कूस बदलली तरी दुखायची. पुण्यातल्या सगळ्या मुलींसारखी मीही तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटर चालवायचे. बाकीच्या ऑफिसात पोचल्या की तो झटकन सोडायच्या, माझ्या मात्र जिवावर यायचं.

त्याच सुमारास काकूंनी तेलाचा उद्योग काढला. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून सुकी मुळं आणायची, लाकडी घाण्याचं खोबरेल आणि करंजाचं तेल आणायचं, त्यात कडुनिंबाचा पाला टाकून मंद आचेवर उकळायचं आणि गार झालं की टी ट्री तेलाचे थेंब सोडायचे. जिना त्या कडू वासानं भरून जायचा. तेलाला त्यांनी एक संस्कृत नाव दिलं होतं. ते मी सांगणार नाही, फुकटची जाहिरात नको.

पहिली बाटली आमच्याकडे आली. "अगं, तुझ्यासारखा चेहरा शोधून सापडणार नाही," काकू म्हणाल्या. त्यांना हे कौतुक वाटत होतं. मग खिडकीशी उभं करून त्यांनी माझा फोटो काढला. "रेकॉर्डसाठी गं, फरक कळायला हवा ना."

मला नाही म्हणायचं होतं. पण आईच्या ऑपरेशनच्या वेळी याच काकूंनी आठवडाभर आमच्याकडे डबा पाठवला होता, आणि आमच्या घरात कुणी पाठवलेला डबा कधीच पचत नाही. आई बाटली हातात घेऊन म्हणाली, "अहो वहिनी, लावेल की ती. एवढं आपुलकीनं केलंत." भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती मुरुमांचीही बहीण निघाली.

मी ते तेल रोज झोपताना लावलं. थोड्याच दिवसांत होती ती मुरुमं फुगली आणि नव्हती तिथे नवी आली. काकूंना दाखवलं तर त्या खूष झाल्या. "हे चांगलं लक्षण आहे. आतली उष्णता बाहेर पडतेय. पडू दे." आमच्याकडे औषधानं बरं वाटलं तर औषध चांगलं, आणि वाईट वाटलं तर औषध फारच चांगलं. या तर्कापुढे कुणाचं काय चालणार? मी आणखी लावलं.

मग एक दिवस डब्याच्या वेळी ऑफिसातल्या मैत्रिणीनं मोबाइल पुढे केला. "हे बघ, ही तूच ना?" काकूंच्या तेलाची जाहिरात होती. डावीकडे 'आधी' आणि उजवीकडे 'नंतर'. डावीकडे मी. डोळ्यांवर काळी पट्टी, पण हनुवटीवरचा तीळ तसाच. उजवीकडे काकूंच्या भाचीचा तुकतुकीत गाल. ती भाची जन्मापासून तुकतुकीत आहे. टेबलावरच्या बाकीच्या सगळ्या एकदम आपापल्या डब्यात बघायला लागल्या, तेव्हा त्यांनी ते आधीच पाहिलंय हे मला कळलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडल्यानं गाल चुरचुरले म्हणून आणखी रडले.

संध्याकाळी मी तडक वर गेले. काकू बाटल्यांना लेबलं चिकटवत होत्या.

"काकू, माझा फोटो न विचारता कसा टाकलात?"

"अगं, डोळे झाकलेत की. कोण ओळखतंय?"

"सगळ्या ऑफिसनं ओळखलं."

"मग चांगलंच की. चार जणींचं भलं होईल तुझ्यामुळे. आपण एवढं संकुचित असू नये."

संकुचित! माझ्या मागोमाग आलेल्या आईनं मला हाताला धरून खाली आणलं. "जाऊ दे," ती म्हणाली, "डबा पाठवला होता त्यांनी." त्या रात्री मी ठरवलं की या बाईला सोडायचं नाही. कसं ते ठरत नव्हतं, पण ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी येरवड्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी भिंग लावून चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय लावता?" मी सांगितलं. "चेहरा आहे हा, पुरी नाही तेलात सोडायला." टी ट्री पातळ करून कुणाकुणाला चालतं, त्या म्हणाल्या, पण खोबरेलानं तुमच्यासारख्या त्वचेची छिद्रं बुजतात. त्यांनी रात्री लावायचं मलम दिलं, तेल पूर्ण बंद केलं आणि बजावलं, "फरक पडायला महिने लागतील. मधेच सोडू नका. मुरुमं पुन्हा आली आणि खोल गेली, तर पडलेले खड्डे मलमानं भरत नाहीत."

मी मलम नेमानं लावलं. तेलाची बाटली आईनं दाराच्या बिजागरीसाठी ठेवून दिली. दार कुरकुरायचं थांबलं, तेवढा त्या तेलाचा गुण मी मान्य करते. हळूहळू चेहरा निवला. नवरात्रात सोसायटीत भोंडला होता, तेव्हा कित्येक वर्षांनी मी फोटोत पुढच्या रांगेत उभी राहिले. कुणी "मागे हो" म्हटलं नव्हतं आधीही, पण मीच मागे जायचे. त्या दिवशी मी पुढे उभी राहून हसले. मला फार बरं वाटलं होतं.

दोनच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर काकूंची नवी जाहिरात आली. दिवाळीच्या आधी येरवड्यातल्या एका हॉलमध्ये बायकांचं प्रदर्शन होतं, त्यात त्यांचा स्टॉल होता. 'आधी' मी, आणि 'नंतर'सुद्धा मीच. भोंडल्याच्या फोटोतून माझं डोकं कापून घेतलं होतं. या वेळी डोळेही झाकले नव्हते. खाली लिहिलं होतं, 'आमच्याच सोसायटीतली कन्या.' लिफ्टमध्ये भेटल्या तर माझा गाल चिमटीत धरून म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं? तेल मुरायला वेळ लागतो."

"काकू, मी डॉक्टरांचं मलम लावते. तेल केव्हाच बंद केलं."

"असू दे गं. पाया तर तेलानंच घातला ना."

लिफ्टमधल्या सगळ्या बायका हसल्या आणि एकीनं तिथेच दोन बाटल्या सांगितल्या. घरी येऊन मी आरशापुढे उभी राहिले. इतक्या वर्षांनी मिळालेला स्वच्छ चेहरा, आणि तो त्या बाईची जाहिरात करत होता. मी जितकी बरी होणार, तितकं तिचं तेल खपणार. बोलून उपयोग नव्हता, माझ्या तोंडापेक्षा माझा चेहराच जास्त बोलत होता. मग मी त्या चेहऱ्यालाच खरं बोलायला लावायचं ठरवलं.

मलम कपाटात ठेवून दिलं. बिजागरीची बाटली आणली आणि रोज रात्री ते तेल चेहऱ्यावर चोळलं, अगदी लेबलवर लिहिलंय तसं. प्रदर्शन दिवाळीच्या तोंडावर होतं, वेळ पुरेसा होता. पहिली पुटकुळी हनुवटीवर आली तेव्हा मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंद झाला. नंतर गाल भरले, ठणका सुरू झाला, आणि मी रोज सकाळी शेतातलं पीक बघावं तशी आरशात बघायचे.

आईच्या ते लगेच लक्षात आलं. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतेयस," ती म्हणाली. "डॉक्टरांनी खड्ड्यांचं सांगितलंय ना?"

"तुझ्या डब्याचे उपकार फेडतेय," मी म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी स्कार्फ बांधून गेले. हॉलमध्ये पणत्या, आकाशकंदील, भाजणी, उटणी, गर्दी. काकूंच्या स्टॉलमागे माणसाएवढ्या उंचीचा बॅनर होता आणि त्यावर माझे दोन चेहरे, खाली 'आधी' आणि वर 'नंतर'. मी एक खुर्ची ओढली, बॅनरला लागून बसले आणि स्कार्फ सोडला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बाटली हातात घेतलेल्या एका बाईंनी बॅनर पाहिला, मला पाहिलं, पुन्हा बॅनर पाहिला. बाटली खाली ठेवली.

"अगं, हे काय झालं तोंडाला?" काकू ओरडल्या.

"तुमचं तेल झालं, काकू. पाया तुमचाच, कळसही तुमचाच."

"ही बाहेरचं फार खाते हो," काकू गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या.

"खाते बाहेरचं, पण लावते घरचं," मी म्हटलं, आणि पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटली तळाला गेली होती.

बायका जमल्या. पुण्यात भांडण बघायला तिकीट लागत नाही. काकूंनी बॅनर गुंडाळायचा प्रयत्न केला तर तो मधेच अडकला आणि नेमका 'नंतर'वाला अर्धा चेहरा वर राहिला. काकू घामाघूम झाल्या, कुणी एक बाटली घेतली नाही, आणि मी खुर्चीवर पाय हलवत बसले. तो तासभर मला पुन्हा कुणी दिला तर मी पुन्हा घेईन. काकूंनी त्यानंतर तेल केलं नाही. माझ्या डाव्या गालावर खड्डे राहिले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसेच ते भरत नाहीत.

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी शाळेतली असेल. केस मुद्दाम गालांवर ओढून घेतले होते, आणि ते कशासाठी हे मला कुणी सांगायला नको होतं. आई पणत्या बघायला वळली तशी ती हळूच माझ्याजवळ आली.

"ताई, मग ही जातात कशानं?"

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, मलम, तेल बंद, धीर. "माझी गेली होती," मी म्हटलं आणि बॅनरवर उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. "हा फोटो खरा आहे. मलमाचा आहे."

ती त्या फोटोकडे बघत राहिली. असा चेहरा मिळाला तर काय काय करेन, हे मी कॉलेजात असताना रोज मोजायचे.

"मग परत कशी आली?"

"मी मलम बंद केलं. हे तेल लावलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. यांना खोटं पाडायला."

तिनं माझ्या गालाकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आम्हा दोघींकडे ती सारख्याच नजरेनं बघत होती. मग तिनं केस गालांवर आणखी पुढे ओढले आणि आईचा हात धरला.

"चल ना आई इथून," ती म्हणाली, आणि मलमाचं नाव न विचारताच निघून गेली.