राजा ‘जातो’ म्हणाला

सिंकखालच्या पिशवीत जशा पिशव्या साठतात ना, तसे आमच्या ब्रिस्टलच्या मराठी मंडळाचे किस्से माझ्याकडे साठलेत. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. नाटक आम्ही आयुष्यात एकच केलं, दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, पण त्यानं जन्माची बेगमी करून ठेवली.

मी तेव्हा लायब्ररीत कामाला होते. तिथे ग्रीकांचं एक प्राचीन महाकाव्य हाती लागलं. म्हटलं, दरवर्षी तीच ती गाणी कशाला, यंदा हे मराठीत बसवू. पहिल्या मीटिंगला गोष्ट सांगितली. एक राजा लढाईला जातो. दहा वर्षं लढाई, आणि मग समुद्रात भरकटत भरकटत घरी यायला आणखी दहा.

“वीस वर्षं?” लेले काकू म्हणाल्या. “आणि एक फोन नाही?”

संजय बेसिंगस्टोकला आयटीत, दर शनिवारी गाडी हाणत यायचा. तो म्हणाला, यात काय नवल, मीपण सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलो होतो, आता सातवं वर्ष चालू आहे.

सगळे हसले, एक वाघमारे काका सोडून. काका मूळचे नागपूरचे, विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. राजाचं काम त्यांना दिलं, कारण दाढी फक्त त्यांनाच होती. नागपूरला जाऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

*

राणीचं काम लेले काकूंकडे. राजा येत नाही म्हणून राणीच्या घरात लग्नाळू पाहुणे ठाण मांडून बसतात. राणी त्यांना सांगते, हे विणून झालं की तुमच्यातला एक निवडते. आणि दिवसा विणलेलं रात्री उसवते.

काकूंनी घरून नातवाचा अर्धा झालेला स्वेटर आणला. उसवायची वेळ आली की त्यांचा हात आखडायचा. तिसऱ्या तालमीला त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि मला म्हणाल्या, “हे बघ, मी काही उसवणार नाही. त्या मेल्यांना चहा द्यायचा बंद कर, आपोआप जातील.”

तालमी संपायच्या आत स्वेटर पुरा झाला. राणीचा बहाणा संपला, पण स्वेटर नातवाला अगदी मापात बसला.

*

संजय एकडोळ्या राक्षस. राजा त्याला आपलं नाव ‘कोणी नाही’ असं सांगतो आणि त्याचा डोळा फोडतो. राक्षस बोंबलतो, “मला कोणी नाही मारलं!” शेजारचे राक्षस म्हणतात, मग ओरडतोस कशाला, आणि आपापल्या घरी जातात.

एका शनिवारी काकांची काठी संजयला खरोखरच लागली, भुवईवर. हॉलचा म्हातारा केअरटेकर ॲक्सिडेंट बुक घेऊन धावत आला. विचारतो, हे कुणी केलं? संजय भूमिकेत इतका शिरलेला, की कळवळत म्हणाला, “नोबडी.”

म्हाताऱ्यानं चष्मा लावला, शांतपणे तसंच लिहिलं आणि त्याची सही घेतली. ते पान अजूनही तिथे असेल.

*

काकांची मुलगी नीना आमची सूत्रधार. जन्म इथलाच, हॉस्पिटलात फिजिओ. मराठी फाडफाड बोलायची, फक्त बाई-पुरुष एक करायची. पहिल्याच दिवशी ठसक्यात म्हणाली, “शेवटी राजा घरी आली आणि राणी तिला ओळखला नाही.”

“अगं, आली म्हटल्यावर कोण ओळखणार?” लेले काकू म्हणाल्या.

तीन वेळा शिकवलं. चौथ्यांदा राजा आला, पण जहाज बुडाली. जहाज आम्ही तसंच ठेवलं.

*

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पहिल्या प्रवेशाच्या तालमीला झाली. राजा लढाईला निघतो, राणीचा निरोप घेतो. काका म्हणाले, “बरंय, जातो.”

आम्ही सगळे एकदम ओरडलो. घरातून निघताना ‘येतो’ म्हणतात, जातो काय! लेले काकूंनी तर कानांवर हात ठेवले. पुन्हा घेतलं, पुन्हा ‘जातो’. काका बौद्ध, पक्के बुद्धिवादी, शकुन-अपशकुनाची टर उडवणारे. मला वाटलं मुद्दाम करताहेत. मी तडकले. म्हटलं, काका, एक शब्द बदलायला तुमचं काय जातंय?

काका खुर्चीवर बसले आणि मग सांगितलं. वीस वर्षांपूर्वी वडील वारले, तेव्हा विमान चुकलं आणि ते दोन दिवस उशिरा पोचले. मोठी बहीण, अक्का, दारातच म्हणाली, पाहुण्यासारखा आलास. काकांचं डोकं फिरलं. उंबऱ्यावरचं पाऊल मागे घेतलं, “मग जातो” म्हणाले आणि तसेच फिरले. त्या दिवसापासून अक्कानं त्यांचा फोन घेतला नाही. अपशकुन तीही मानत नव्हती, पण शब्द धरून बसली.

“आता कुठल्या तोंडानं ‘येतो’ म्हणू?” काका म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ते वाक्यच काढून टाकलं. म्हटलं, राजा नुसता हात हलवेल.

*

प्रयोगाला हॉल भरला होता. राजा दाराशी पोचला, हात वर केला आणि तसाच थांबला. मग काका हळूच म्हणाले, “येतो.”

आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळं पब्लिक, जन्माच्या सवयीनं, एका सुरात म्हणालं, “या!”

काका एक्झिट विसरले. शेवटी राणीनंच राजाला कोपरानं ढकलून विंगेत घातलं.

सोमवारी काकांनी नागपूरचं तिकीट काढलं.

*

नीना त्यांच्याबरोबर गेली होती. परत आल्यावर लायब्ररीत आली आणि काउंटरपाशीच उभी राहून तिनं मला सगळं सांगितलं.

“काकू, बाबा बेल वाजवली. आतून आत्या म्हणाला, ‘कोण आहे?’ बाबा म्हणाला, ‘कोणी नाही, मीच.’ मग आत्या म्हणाली, ‘जातो म्हणून गेलेल्याला मी दार उघडत नाही.’ मी तर बॅग उचलली, ऑनेस्टली. पण बाबा तिथेच उभा, रडतोय, आणि मोठ्यांदा म्हणतो, ‘येतो, अक्का!’ काकू, आम्ही अजून आतपण नव्हतो गेलो, आणि हा दाराला बाय करतोय! अँड देन कडी वाजला. आणि आत्या म्हणाली, ‘ये.’”