सातवी गाठ

तलावाच्या रस्त्यावरच्या शिंप्याला माप चुकलेलं खपत नसे. समोरून कुणी आलं की बोलायच्या आधी तो त्याचे खांदे डोळ्यांनी मोजून मोकळा व्हायचा. तीन जाड वह्यांत अख्ख्या वस्तीची छाती, कंबर, बाही लिहिलेली. बायको म्हणायची, यांना माणसांची तोंडं आठवत नाहीत, पोटं आठवतात.

दुकानाबाहेर त्याला एकच नाद, बास मासे पकडायचा. पण होडीत हुकूम बायकोचा. उन्हाळ्यात बास काठच्या गवतात असतो, हवा गार व्हायला लागली की बारीक माशांच्या मागे उथळ पाण्यात धुडगूस घालतो. तेव्हा तो कुणालाही मिळतो. कडाक्याच्या थंडीत मात्र तो खोल उतरतो, तळाच्या एका अरुंद कडेवर अंग चोरून पडतो आणि गळ अगदी नाकासमोर आल्याशिवाय तोंड उघडत नाही. ती कड शोधायला बायकोने दोरीला शिशाचं वजन बांधलं होतं. दोन्ही हात पसरून, या बोटांपासून त्या बोटांपर्यंत दोरी ताणून तिने गाठी मारल्या होत्या. सातवी गाठ पाण्याला टेकली की खाली कड आली.

उन्हाळ्यात ती गेली. आदल्या दिवशी म्हणाली, "थंडी पडली की एकटे का होईना, जा. माझ्या नावाने एक मासा आणा. सातवी गाठ विसरू नका." त्याने कबूल केलं.

थंडी पडली तेव्हा दोरी जागेवर नव्हती. होडी ठेवायची खोली झाडताना सुनेने ती कुजकी म्हणून फेकली होती. बिचारीने मीटरच्या खुणांची नवी कोरी दोरीही आणून ठेवली होती. तिला बोलणार काय? छान आहे, म्हणाला आणि चार दिवस हात हलवत परत आला. स्वतःचे हात पसरून गाठी मारल्या, तर ते पडले लांब, गळ चिखलात रुतायचा. कमी-जास्त करून पाहिलं, पण कड सापडेना.

पाचव्या दिवशी त्याने वह्या काढल्या. तिची बाही मिळाली की झालं. तिन्ही वह्या पालथ्या घातल्या, तिचं माप कुठेच नव्हतं. घरच्या माणसाचं माप कोण लिहून ठेवतो? तिचे कपडे त्याने जन्मभर अंदाजानेच बेतले होते.

सून जेवायला बोलवायला आली, तेव्हा टेबलावर सासूचा कोट बाह्या पसरून ठेवलेला होता. सासरा त्यावर दोरी ताणून बाहीच्या टोकाशी अडला होता.

"तिचा पंजा केवढा होता गं?" त्याने विचारलं.

सुनेने बाहीपुढे आपला हात ठेवला. "माझ्याहून लहान होता, बाबा."

"किती लहान?"

तिला सांगता येईना. दोरीचं तिच्या आत्ता लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "सगळ्यांची मापं घेतली मी. तिचा हात तेवढा राहिला." मग त्याला रडू आवरेना.

थंडी सरली. बास पुन्हा काठाशी आले, पोरंसोरंही पकडू लागली. शिंपी तिकडे फिरकला नाही. त्याने कबूल केलेला मासा खोल पाण्यातला होता.