वर्लिनचं गुबगुबीत खोगीर

वर्लिन स्टॅम्परचा राग नाकावर आणि अक्कल ढुंगणाखाली, असं आमच्या पश्चिम व्हर्जिनियाच्या खोऱ्यात म्हणायचे, आणि त्या हंगामात त्याने ते खरं करून दाखवलं.

कोळशाच्या खाणीत छत कोसळून त्याचा उजवा खुबा मोडला होता. पण हरणाची शिकार सोडायला तो तयार नव्हता. झाडावर लटकून बसायचं खोगीर म्हणजे कमरेभोवतीची जाड झोळी, तिला पुढून बांधलेला दोर बुंध्याला, आणि पाय टेकायला एक चिमुकली फळी. दुकानातलं खोगीर खुब्यात असं रुतायचं की पाय बधिर पडायचा. म्हणून वर्लिन अख्खा उन्हाळा दाभण घेऊन ओसरीवर बसला. भंगारातल्या पिकअपचे सीटबेल्ट उसवून त्याने बैठक रुंद केली, खेचराच्या गळपट्ट्यातला लोकरीचा जाड नमदा आत भरला, पाठ टेकायला वेगळा पट्टा शिवला. शेवटी मांड्यांभोवतीचे दोन पट्टे कापून फेकले, कारण ते नेमके दुखऱ्या जागी काचायचे.

त्याची बायको ओमा शेंगा सोलत बघत होती. "ते कशाला कापलेस? त्यांनीच तर खोगीर खाली धरून ठेवलेलं असतं."

"बसणार मी का तू?"

"पडणार तू, निस्तरणार मी."

पलीकडच्या टेकडीवर त्याचा धाकटा भाऊ डॉर्सी शिकारीला बसायचा. बापाच्या दफनाच्या दिवशीच, म्हाताऱ्याचं कोणी किती केलं यावरून, चर्चच्या अंगणात दोघांची जुंपली होती. डॉर्सीने फावड्याच्या दांड्याने वर्लिनचा जबडा फोडला. रक्त थुंकत वर्लिन साऱ्या गावासमोर ओरडला, "पुन्हा माझ्या टप्प्यात आलास तर गोळी घालीन!" तेव्हापासून बोलणं बंद होतं.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी नव्या बैठकीवर वर्लिन राजासारखा बसला होता. खुबा दुखत नव्हता. हरणाचा दांडगा नर आला तो नेमका पाठीमागून. वर्लिन बुंध्याभोवती वळला आणि त्याने बार टाकला. बंदुकीच्या धक्क्याने खुबा लचकला, पाय फळीवरून सुटला. मांड्यांना पट्टेच नव्हते. खोगीर कमरेवरून सरकलं ते थेट काखेत जाऊन अडकलं. इतक्या मायेने शिवलेला पाठीचा पट्टा छातीभोवती आवळला. श्वास घोटभरही घेता येईना. खाली मागचा पाय मोडलेलं ते हरीण पाचोळ्यात रक्त उडवत धडपडत होतं.

बंदूक कोपरात लोंबकळत होती. लागोपाठ तीन बार म्हणजे माणूस संकटात, आणि ज्याच्या कानी पडतील त्याने निघायचं, हा आमच्या डोंगराचा कायदा. मग तो वैरी का असेना. वर्लिनने कशीबशी नळी आभाळाकडे केली आणि तीन बार काढले. आत एकच गोळी उरली.

आला तो डॉर्सीच. बंदूक तिकडेच टाकून, ओढा तुडवत, धापा टाकत. "अरे वर्लिन! लोंबकळतोयस काय वटवाघळासारखा?" असं ओरडत तो झाडाकडे धावला आणि त्याला हरीण दिसलंच नाही. जखमी नर तीन पायांवर उसळला. शिंगं डॉर्सीच्या पोटात घुसवून त्याने त्याला उताणं पाडलं आणि तो मानेने रेटू लागला. डॉर्सी किंचाळत होता. शिंगं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, तरी रक्ताचा चिखल झाला.

वर्लिनने एका हाताने बंदूक खाली वळवली. नेम आधी डॉर्सीच्या छातीवर बसला. बोट घोड्यावर आवळलं. जबड्यातली जुनी कळ उठली, आणि एक क्षण त्याला खरोखर गोळी घालायची होती. मग त्याने नळी हातभर सरकवली.

हरीण कोसळलं. गोळी त्याच्या मानेतून आरपार जाऊन डॉर्सीच्या मांडीत शिरली.

डॉर्सीने कमरेचा पट्टा काढून मांडी आवळली. मग शिव्या देत, रक्त गळत, बुंध्याला ठोकलेली एकेक पायरी चढला आणि वर्लिनचे पाय खांद्यावर घेतले. वर्लिनला श्वास आला. बार ऐकून मागोमाग पोचलेल्या शेजाऱ्यांनी दोघांना त्याच अवस्थेत सोडवलं.

इस्पितळात दोन खाटा शेजारीशेजारी होत्या. शेरीफच्या ठाण्यातला पोलीस टोपी हातात घेऊन आला. "डॉर्सी, ती धमकी मी माझ्या कानांनी ऐकलीय. खरं सांग. मुद्दाम गोळी मारली का त्याने?"

डॉर्सी म्हणाला, "त्याचा नेम तुला ठाऊक नाही. त्याला मला मारायचं असतं, तर तू आत्ता माझ्या थडग्यावर फुलं ठेवत असतास. जा घरी."

पोलीस गेला. वर्लिनला ती अर्धीच खरी साक्ष गिळवेना.

"डॉर्सी, नेम आधी तुझ्यावरच धरला होता."

"ठाऊक आहे. मी नळीतच बघत होतो."

"मग वर चढलास कशाला?"

"तू सरकवलीस ना, गाढवा."

वर्लिनने उशीत तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला.