ग्रीझिंगरकाकांची मुदत

ग्रीझिंगरकाकांची नक्कल करायची तर आधी नाकाने हवा आत ओढायची, अगदी फुफ्फुसांच्या तळापर्यंत. मग हनुवटी खाली, भुवया वर, आणि म्हणायचं, "एक बारीकशी गोष्ट." यानंतर जे येतं ते कधीच बारीक नसतं. शेवटी "एवढंच" म्हणायचं, म्हणजे समोरच्याने तोंड मिटायचं.

मी लहान असताना ते आमच्या शाळेची बस चालवायचे. "एक बारीकशी गोष्ट. मागच्या बाकावर कोणीतरी पट्टा लावलेला नाही. मला घाई नाही. एवढंच." आणि बस जागच्या जागी उभी. बाहेर बर्फ पडतंय, शाळेत घंटा होऊन गेलीय, काका आरशात बघत शांत बसलेत. मागच्या बाकावरचं ते 'कोणीतरी' म्हणजे मीच. पट्टा मी लावायचे, पण लावता लावता त्यांचं वाक्य त्यांच्याच आवाजात पुटपुटायचे आणि अख्खी बस हसायची. माझ्या कलेची सुरुवात ही अशी. पुढेही ती फार कुठे गेली नाही.

निवृत्त झाल्यावर काकांनी ड्रोन घेतला. मासे पकडायला जातील, बायकोच्या पाठीमागे भुणभुण करतील, असं गावाला वाटलं होतं. पण आमच्या जर्मनीतल्या श्वाबियाच्या डोंगराळ भागात दोन माणसांना एकच काळजी लागली की तिसऱ्या दिवशी मंडळ स्थापन होतं, तसं झालं. मंडळाचं काम हरणाची पाडसं वाचवायचं. मे महिन्यात हरिणी आपली पिल्लं उंच गवतात लपवून चरायला जाते. नेमकं तेव्हाच गवत कापायचं असतं. यंत्र आलं तरी पाडस पळत नाही, उलट आणखी जमिनीला चिकटतं. म्हणून पहाटे, गवत थंड असताना, उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन कुरणावरून फिरवायचा. पाडस पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. ऊन आलं की प्रत्येक दगड पांढरा दिसायला लागतो आणि खेळ संपतो.

पण ड्रोन उडवायचा म्हणजे नियम आले, आणि नियम आले म्हणजे काकांचं जणू लग्नच निघालं. ड्रोनवर नोंदणी क्रमांक चिकटवलेला हवा. विमा हवा. एकशेवीस मीटरच्या वर जायचं नाही. ड्रोन सतत डोळ्यांना दिसला पाहिजे. माणसांच्या घोळक्यावरून न्यायचा नाही. मंडळातल्या ग्रेगोरने स्वतःच्या लग्नात वरून फोटो काढायची गळ घातली, तर काका म्हणाले, "घोळका."

"अहो काका, सगळी आपलीच माणसं."

"एक बारीकशी गोष्ट. ड्रोन पडला तर आपल्यापैकी कोणावर पडावा?"

ग्रेगोरने सासूकडे बघितलं आणि उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. फोटो जमिनीवरूनच निघाले.

मी यंदा सोळा वर्षांची झाले आणि ड्रोनची परीक्षा दिली. पाडसांसाठी वगैरे नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र असतं त्याला पाडसांवर झाकायची खोकी ओल्या गवतातून वाहावी लागत नाहीत, म्हणून. पहिल्या खेपेला नापास. 'समोरून विमान आलं तर काय कराल?' याला माझं उत्तर साधारण 'तो बघून घेईल' असं होतं. दुसऱ्या खेपेला पास झाले आणि गावभर अशी फिरले, जणू वैमानिकाची टोपीच मिळाली.

तर ती सकाळ. कुरण वाल्बुर्गा आत्याचं, माझ्या बाबांच्या बहिणीचं. ती ट्रॅक्टरला टेकून उभी होती. दुपारनंतर पाऊस सांगितलेला, म्हणजे गवत आज कापलं नाही तर वाया गेलं. पण मागच्या वर्षी याच कुरणात तिच्या यंत्राखाली एक पाडस आलं होतं. त्यावर ती एक शब्द बोलत नाही. यंदा मात्र काकांना तिने स्वतः फोन केला, आणि आत्या फोन उचलण्याचाही कंटाळा करते.

काकांची रोजची तपासणी सुरू झाली. "आनेली, प्रमाणपत्र?"

मी कार्ड दाखवलं.

"मुदत?"

"काका, गेल्या महिन्यात तर मिळालंय."

"मुदत?"

मी वाचून दाखवली. ग्रेगोर फिसकन हसला. कोणी हसलं की माझं डोकं काम करायचं बंद होतं. मी नाकाने हवा ओढली, हनुवटी खाली घेतली आणि काकांसमोर काकांच्याच आवाजात म्हणाले, "एक बारीकशी गोष्ट, ग्रीझिंगर. तुमची मुदत?"

ग्रेगोरच्या नाकातून कॉफी आली. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. प्रश्न रास्त होता. त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"कालच संपली," ते म्हणाले.

पाच वर्षं जगाच्या मुदती तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं कार्ड रोज खिशात घालून हिंडवलं, आणि त्यातली तारीख तेवढी बघितली नाही.

"मग काय झालं?" आत्या म्हणाली. "काल येत होतं, ते आज विसरलात होय?"

"येतंय. पण चालत नाही."

"अहो, या वेळी इथे कोण बघतंय?"

"मी," काका म्हणाले.

"फोनवर नूतनीकरण करा ना," ग्रेगोर म्हणाला.

"रेंज चर्चच्या टेकडीवर येते. तिथून परत येईपर्यंत ऊन येईल." काकांनी रिमोट माझ्यापुढे धरला. "हिची मुदत शिल्लक आहे."

मी आजवर फक्त फुटबॉलच्या मैदानावर उडवलेला. तिथे वाचवायला गोलच्या खांबाशिवाय काही नव्हतं. माझ्या आवाजात काही बोलायला गेले तर नुसती हवा आली. आत्या बघत होती. मग जो एक आवाज मला न अडखळता येतो तो लावला.

"एक बारीकशी गोष्ट. सगळ्यांनी मागे व्हा. मला घाई नाही. एवढंच."

सगळे मागे झाले. काकासुद्धा. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते, रिमोटला चुकून बोट लागायला नको म्हणून.

ड्रोन वर गेला. पट्ट्यापट्ट्याने कुरण विंचरत गेले. लगेच पांढरा ठिपका. "पाडस," मी जाहीर केलं. ग्रेगोर खोकं घेऊन कमरेपर्यंत भिजत गेला आणि तिथून ओरडला, "आत्या, तुमची मांजर आहे. उंदरावर बसलीय आणि मला शिव्या देतेय."

दुसरा ठिपका ससा निघाला, तो तर ग्रेगोरची वाटही न बघता गेला. तिकडे डोंगराच्या कडेवर उजेड यायला लागला. मी पडद्यात डोकं खुपसलं.

"ड्रोन कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"हा काय, इथे."

"तो पडदा झाला. ड्रोन कुठे आहे?"

मी वर बघितलं. वर नुसतं आकाश. माझा ड्रोन ओढ्यापलीकडच्या चिनारांकडे निघाला होता, मजेत, एकटा.

"मला दिसतोय," काका म्हणाले. "तुलाही दिसायला हवा. चिनारांच्या डावीकडे. सावकाश."

दिसला. जीव मुठीत धरून मी त्याला ओढ्याच्या काठाकाठाने परत आणला. ही पट्टी मी आधीच 'झाली' म्हणून सोडून दिली होती, कारण मांजराच्या प्रकरणानंतर मला घाई होती. पडद्यावर काठालगत एक ठिपका आला. त्याला खेटून दुसरा.

या वेळी मी काही जाहीर केलं नाही. "काका, बघा ना जरा."

त्यांनी हात पाठीमागेच ठेवून मान तेवढी पुढे काढली. "ग्रेगोर," ते हळू म्हणाले, "दोन खोकी घे."

ग्रेगोरने हातमोज्यांत गवताची जुडी धरली, माणसाचा वास लागायला नको म्हणून, आणि एकेक पाडस उचलून कुंपणाकडे नेलं. एक बारीक चिरकलं. खोक्यांखाली दोघं गप्प झाली.

"दोन?" आत्याने विचारलं. मग ती ट्रॅक्टरच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ बूट झाडत राहिली. बुटाला काही लागलं नव्हतं. उठली आणि यंत्र चालू केलं. कुरण कापून झाल्यावर खोकी तिनेच जाऊन उचलली, कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

पुढच्या खेपेला काका नवं कार्ड घेऊन आले. माझं तपासलं, बाकीच्यांचं तपासलं, आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं, काका?"

"एक बारीकशी गोष्ट. माझी मुदत कोणी विचारली नाही."

"काका, मुदत?"

"अशी नाही. त्या दिवशी विचारलीस तशी. आजपासून रोज."

सगळे बघत होते. मी नाकाने हवा ओढली, हनुवटी खाली घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी ग्रीझिंगरकाकांची नक्कल साफ पडली. कोंबडीला शिंक आल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं.

काकांनी कार्ड माझ्यासमोर धरलं, मी तारीख वाचेपर्यंत धरून ठेवलं, आणि मग पाकिटात घातलं.

"नाकात हवा कमी पडतेय," ते म्हणाले. "सराव कर. एवढंच."